तंबू आणला, भाडं विसरलो

आधीच सांगून ठेवतो, हा लेख वाचून काहीजणांचा विकांत थोडासा नासणार आहे. ज्यांनी पुढच्या शनिवारचं बुकिंग करून ठेवलंय त्यांचा जरा जास्तच. पण इलाज नाही.

विषय आहे तंबू. साधासुधा नव्हे, 'लक्झरी टेंट'. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागा, नाहीतर नाशिक हायवेने शहापूरकडे जा. बांबूचं कुंपण, कंदिलाच्या आकाराचे एलईडी दिवे आणि आत ओळीने उभे दहा-बारा खाकी तंबू, हे दृश्य आता नेहमीचं झालंय. तंबूत किंग साइझ पलंग, एसी, मिनी फ्रिज, पितळी नळांचं न्हाणीघर. बाहेर लाकडी डेक, आणि डेकला लागून दोन माणसं डुंबतील एवढा खासगी 'प्लंज पूल'. जाहिरातीत एकच वाक्य वेगवेगळ्या इंग्रजीत लिहिलेलं असतं: आफ्रिकेच्या सफारी कॅम्पचा अनुभव, मुंबईपासून फक्त दोन तासांवर.

टीम आउटिंग, रिलीज पार्टी आणि एका मित्राचा वाढदिवस, अशा निमित्तांनी मी अशा तीन कॅम्पांत राहून आलोय. सेवा उत्तम होती, तंबू गळला नाही, चहा गरम होता. तेव्हा हा लेख म्हणजे कस्टमर रिव्ह्यू समजू नका. माझं भांडण वेगळं आहे. माझं म्हणणं असं की आपण आफ्रिकेतून तंबूचं कापड तेवढं आणलं, आणि त्या कापडामागे जमिनीच्या मालकाशी केलेला जो करार उभा असतो तो तिथेच सोडून आलो. हे अनवधानाने झालं असंही मला वाटत नाही. सोयीचं होतं, म्हणून झालं.

आता थोडं आफ्रिकेबद्दल.

आमच्या पिढीला सफारी म्हणजे आधी काकांचा लग्नातला सूट, मग टाटांची गाडी. मूळ शब्द स्वाहिली, अर्थ प्रवास; आणि स्वाहिलीत तो आला अरबीतल्या 'सफर'वरून. तीच सफर फारसीच्या वाटेने आपल्याकडेही केव्हाच आलीय. म्हणजे शब्द घरचाच निघाला :) पण सफारी कॅम्पचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे (खाकी कापड, कंदील, घडीचं टेबल, ट्रे घेऊन उभा नोकर) ते शिकारीच्या काळातलं. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हमालांचा तांडा घेऊन पूर्व आफ्रिकेत गेले. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. तेव्हा तंबू ही गरज होती, कारण मुक्काम सतत हलायचा. आता मुक्काम हलत नाही. देखावा तेवढा उरलाय.

मग आज तिथे सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. टांझानियात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाई गुराख्यांना उठवून न्गोरोन्गोरोच्या बाजूला पाठवलं. जून २०२२ मध्ये लोलिओंडो भागात १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर सरकारने हद्दीचे खांब रोवले तेव्हा पुन्हा मसाई आणि पोलीस समोरासमोर आले. तेव्हा मी आफ्रिकेचे गोडवे गायला बसलेलो नाही.

पण केनियात, मसाई माराच्या आजूबाजूला, एक वेगळी गोष्ट घडली. तिथल्या सामायिक कुरणांची वाटणी होऊन एकेका मसाईच्या नावावर जमिनीचे तुकडे झाले. ते विकून मोकळं होण्याऐवजी शेकडो मालकांनी आपापले तुकडे एकत्र केले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. २००५ नंतर अशा 'कॉन्झर्व्हन्सी' एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि २०१३ च्या केनियाच्या वन्यजीव कायद्याने त्यांना मान्यता दिली. जमीन मसाईच्याच नावावर राहते. भाडं एकराच्या हिशोबाने ठरतं, किती पाहुणे आले यावर नाही. किती जमिनीमागे किती तंबू याला मर्यादा असते. गुरं कधी आणि कुठे चरतील हेही ठरवलेलं असतं. यातही भानगडी आहेत. चराई बंद असताना गुरं न्यायची कुठे? ज्यांच्या नावावर जमीनच नाही, म्हणजे बहुतेक बायका, त्यांना काय मिळतं? २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा भाडंही डळमळलंच. तरी मूळ हिशोब सरळ आहे: जमीन दुसऱ्याची, त्याचं भाडं चालू, म्हणून वरचं घर कापडाचं. तंबू असण्याला तिथे निदान काही अर्थ तरी आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपण फ्रंट-एंड कॉपी-पेस्ट केला. बॅक-एंडला मालक, भाडं आणि मर्यादा होत्या, तिकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

मुरबाडच्या तंबूखाली बघा एकदा. काँक्रीटचा चौथरा, सेप्टिक टँक, बोअरवेल, जनरेटरची खोली, चहूबाजूंनी कुंपण. एवढं सगळं पक्कं आणि वर कापड, कारण फोटोत कापड छान दिसतं. आणि जमीन? ती विकत घेतलेली. कायमची.

इथे जमिनीचा कायदा जरा समजून घ्या, कारण तो कंटाळवाणा वाटतो म्हणूनच सगळ्यांचं फावतं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली आधी कलेक्टरची मंजुरी लागते. ही तरतूद १९७४ साली आली, कारण सावकार आणि व्यापारी आदिवासींच्या जमिनी बिनदिक्कत गिळत होते. त्याउपर अख्खा शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू, ग्रामसभेला खास अधिकार. एवढी तटबंदी! आणि तरी तुमच्या हापिसात 'मुरबाडला थोडी जागा घेऊन ठेवलीय' म्हणणारे किती निघतात ते मोजा. माझ्या एका फ्लोअरवर चौघे आहेत. चौघेही सातबाऱ्यावर शेतकरी. त्यातल्या एकालाही नांगर आणि वखर यातला फरक विचारू नका, उगाच मैत्रीत बाधा येईल.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. तो कुणबी असो, आगरी असो की ठाकर, त्याच्याकडे लग्न असतं, दवाखाना असतं, भातशेती परवडत नसते. त्याला एकदा पैसे मिळतात. त्यातून घर पक्कं होतं, एक मोटारसायकल येते, आणि चार-पाच वर्षांत पैसे संपतात. पुढे त्याचा मुलगा त्याच जमिनीवर खाकी शर्ट घालून 'वेलकम ड्रिंक' वाटतो. मसाई मालकाला महिन्याचं भाडं आणि आपल्या शेतकऱ्याला महिन्याचा पगार, असा हा फरक. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण भाडं घेणाऱ्याला 'उद्यापासून येऊ नको' असं सांगता येत नाही.

आता पाणी.

शहापूरला 'धरणांचा तालुका' म्हणतात. तानसा धरण १८९२ चं. भातसा धरण एकटं मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार उचलतं. आपण मुलुंडला किंवा अंधेरीला शॉवरखाली उभे राहतो ते पाणी इथलंच. या पट्ट्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आणि दर उन्हाळ्यात याच शहापूर आणि मुरबाडच्या गावपाड्यांवर टँकर फिरतात. सह्याद्रीचा कातळ पाणी मुरवून धरत नाही, पडलं तसं वाहून जातं. जे अडवलं ते पाइपात घालून आपण मुंबईला नेतो. शहापूरच्या गावांसाठी पाणी शोधायची वेळ आली तेव्हा योजना आखली गेली ती शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणाची! मुरबाडात काळू नदीवर मुंबई महानगरासाठी धरणाचं काम २०११ मध्ये वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झालं होतं, ते २०१२ मध्ये हायकोर्टाने थांबवलं.

आता आपला प्लंज पूल. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. म्हणजे ७,२०० लिटर. बारा तंबूंचे बारा पूल धरले तर ८६,४०० लिटर. जल जीवन मिशनचं ग्रामीण उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर. चाळीस घरांचा, दोनशे माणसांचा पाडा धरा, त्याला दिवसाला लागतात ११,००० लिटर. म्हणजे बारा तंबू एकदा पूल भरतात तेव्हा अख्ख्या पाड्याचं जवळजवळ आठ दिवसांचं पाणी त्यात बसतं. यात बाथटब, लॉन आणि चादरी धुणं धरलेलं नाही. बोअरवेल कोणाची खोल, यावर सगळं अवलंबून. खोल कोण खणू शकतो ते वेगळं सांगायला नको.

एप्रिलमध्ये एका कॅम्पात मी तिथल्या पोराला सहज विचारलं, "दादा, तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" तो म्हणाला, "इथं का? इथं भरपूर हाय. आमच्या पाड्यावर टँकर येतो, एक दिवसाआड." एवढं बोलून त्याने मला टॉवेल दिला. कोरडा, मऊ, गुंडाळून हत्ती बनवलेला.

तिसरी गोष्ट, माणसं. खरं तर हीच पहिली असायला हवी होती.

या कॅम्पांवर शनिवारी रात्री 'ट्रायबल नाइट' असते. भिंतीवर वारली चित्रांचं फ्लेक्स. मुरबाडच्या डोंगरकडेला मुख्यतः ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी राहतात, पण एवढं कोण बघतो, 'ट्रायबल' म्हटलं की वारली. जेवायला पनीर टिक्का आणि पास्ता. जून महिन्यात मुरबाडच्या नाक्यावर आदिवासी बायका शेवळं, कोरल, भारंगी अशा पहिल्या पावसाच्या रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. कॅम्पच्या मेनूत मला त्यातली एकही कधी दिसली नाही. जंगल पाहिजे, जंगलाची भाजी नको.

आणि आता हे वाचा. दिवाळीनंतर थंडी पडते, तंबूंचा सीझन सुरू होतो. नेमक्या त्याच सुमारास इथली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीच्या कडेला गवताची, प्लास्टिकची खोपटी उभी राहते, माणूस वाकून आत शिरेल एवढी. पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. सहा-सात महिने एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची तात्पुरती घरं उभी असतात. एकात राहायला आपण रात्रीचे आठ-दहा हजार मोजतो आणि त्याला 'साधेपणाकडे परतणं' म्हणतो. दुसऱ्यात राहणाऱ्याला परतायला जमीनच नसते, कारण कातकऱ्यांत भूमिहीनच जास्त. दोन्ही घरं कापडा-गवताचीच.

साहेबाचा तंबू हा प्रकार या जिल्ह्याला नवा नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात कलेक्टरसाहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघत आणि तंबू ठोकून राहत. आदिवासींना वेठ ठाऊक होती: जमीनदाराची, जंगल ठेकेदाराची, अंमलदाराची. ती मोडायचं बळ मिळालं जानेवारी १९४५ मध्ये, इथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्यानंतर. मग गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबरीने वारल्यांनी ठाणे जिल्ह्यातली वेठ झुगारून दिली. आजच्या कॅम्पातली नोकरी म्हणजे वेठ नव्हे, पगार मिळतो, मान्य. पण खाकी कपड्यातला आदिवासी पोरगा आणि डेकवर पाय पसरून बसलेला साहेब, हा देखावा मुद्दाम पुन्हा रचून विकला जातो, तेव्हा थोडं तरी अवघडायला नको का आपल्याला?

आणि हे जंगल 'अनटच्ड' आहे म्हणे! मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ ला पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. माथेरानचे वकील कोतवाल, वय तीस. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते, आणि नंतर हे लोक डोंगरकुशीत लपून राहिले. त्यांचाही मुक्काम जंगलातच होता. दरवर्षी २ जानेवारीला लोक तिथे अभिवादनाला जमतात. आपण त्याच डोंगराच्या पायथ्याशी ३१ डिसेंबरची डीजे नाइट आटोपून १ तारखेला दुपारी चेक-आउट करतो. एक दिवस जास्त राहिलो असतो तर कळलं असतं.

बरं, आता आक्षेप. ते येणारच, म्हणून आधीच घेतो.

"लोकांना रोजगार मिळतो की." मिळतो. पण मॅनेजर, शेफ, अकाउंटंट बाहेरचे आणि माळी, धुणीभांडी, सिक्युरिटी गावची, असं मी तिन्ही ठिकाणी पाहिलं. रोजगार हा जमिनीचा आणि पाण्याचा मोबदला धरायचा असेल तर तो फारच स्वस्तात पडतो.

"प्लॉटिंग आणि बंगल्यांपेक्षा तंबू बरे." हे थोडंसं खरं आहे. झाडं तरी राहतात. पण बंगलेवाला निदान आपण निसर्ग वाचवतोय असा आव आणत नाही.

"तू स्वतः जाऊन आलास आणि आता आम्हाला शिकवतोस?" हो. गेलो म्हणूनच दिसलं. न जाता लिहिलं असतं तर 'अनुभव नाही' म्हणाला असतात.

"मग काय, शनिवार-रविवार घरी बसून सीरियल बघायच्या?" हा मात्र रास्त प्रश्न आहे. दोन दिवस मोकळं आकाश आणि शांतता आपल्याला लागते, त्यात काही गैर नाही. सुखसोयींनाही माझा विरोध नाही. मऊ गादी हे पाप नव्हे. प्रश्न आहे मालक कोण.

आणि याचं उत्तर आफ्रिकेतूनच आणायला पाहिजे असंही नाही. कसारा घाट चढून अकोले तालुक्यात जा, पुरुषवाडी नावाचं गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे काजवे बघायला लोक जातात. तिथेही तंबूच असतात, पण गावाच्या जमिनीवर. पाहुणा गावातल्या घरात जेवतो आणि कामं घराघरांत वाटली जातात. जंगलाचं उत्पन्न ग्रामसभेच्या हातात असू शकतं हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवून दिलंय. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि गावाने स्वतः बांबू विकला. मग शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांनी आपली जमीन न विकता कॅम्पवाल्याला करारावर भाड्याने का देऊ नये? एकराचं भाडं ठरवा, तंबूंची संख्या ठरवा, पाण्याची मर्यादा ठरवा, दहा वर्षांनी करार पुन्हा टेबलावर आणा. सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण काढलं, त्यात शेतकरी स्वतः पर्यटन चालवेल अशी कल्पना आहेच. नवीन काही शोधायची गरज नाही.

घाई मात्र आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता आला की जमिनीचा भाव येतो, भाव आला की दलाल येतो. एकदा सातबारा बदलला की भाड्याची गोष्टच संपली.

आपण तिशीतली पगारदार माणसं, कायदे करू शकत नाही. पण गिऱ्हाईक आपणच आहोत, हे सगळं आपल्याच क्रेडिट कार्डावर चाललंय. बोटीच्या फेअर-ट्रेड कॉफीची चौकशी करणारी, ओपन सोर्सचं लायसन्स ओळीओळीने वाचणारी माणसं आपण. तेव्हा बुकिंग करण्याआधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. जमीन कोणाची आहे? उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, आणि शेजारच्या पाड्याला कुठून येतं? माझ्या भाड्यातलं गावाला काय मिळतं, पगार सोडून?

समोरचा गडबडेल. "सर, यू विल लव्ह द प्रॉपर्टी," असं काहीतरी म्हणेल. तुम्ही प्रश्न पुन्हा विचारा. मराठीत. दहाजणांनी विचारले तर काही होणार नाही. दहा हजारांनी विचारले तर कोणीतरी उत्तर तयार करून ठेवेल, आणि उत्तर द्यायचं म्हणजे आधी काहीतरी करावं लागेल.

उत्तर नाहीच मिळालं तर बुकिंग करू नका. तंबूत झोपायचीच हौस असेल तर पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेला या. बैलांचा बाजार आहे, घोंगड्या मिळतात, आणि तंबूही भरपूर असतात. एसी नाही, पण जत्रा संपली की तंबू उठतात आणि जमीन ज्याची त्याच्याकडे राहते.